‘चिपळी’चा वीस वर्षांचा खर्च

“आई, या कागदावर ओलं काही ठेवू नकोस,” उमेश म्हणाला.

कागद लहान चादरीएवढा होता. मचव्याच्या मधल्या फळ्यांवर तो पसरून उमेशने चार कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवल्या होत्या: वरवंटा, बापाची बॅटरी, दुधाचं पातेलं आणि देवापुढच्या माझ्या चिपळ्या. चिपळ्या मी उचलून घेतल्या आणि त्यांच्या जागी कांदा ठेवला.

“तीन रकाने आहेत बघ. लाकूड, लोखंड, फायबर. प्रत्येक बोटीचा वीस वर्षांचा खर्च.”

“वाच,” आमचे हे म्हणाले. ते नाळेवर, मचव्याच्या पुढच्या टोकावर, बसून दोर वळत होते. “जरा चालीवर वाच, म्हणजे तुझ्या आईच्या डोक्यात शिरेल.”

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या माघातली. नांदवण्याच्या खाडीच्या तोंडाशी आमचा मचवा उभा असायचा. सासऱ्यांनी बांधलेला, सागवानी, नाव ‘चिपळी’. सासरे कीर्तनाचे वेडे होते. मी त्यांच्याच पंगतीला बसणारी, म्हणून सून पसंत केली असं ते सांगायचे. चौऱ्याहत्तर साली धाकटे दीर गेले, तेव्हा आमच्या वाट्याची घराची खोली जावेला आणि तिच्या तीन पोरांना दिली आणि आम्ही ‘तात्पुरते’ मचव्यावर राहायला आलो. मागच्या बाजूला छप्पर घातलं, चार फळ्यांच्या खाटा केल्या, चूल मांडली, देव्हारा ठोकला. त्या तात्पुरत्याला चोवीस वर्षं झाली होती. उमेश याच फळ्यांवर, कमरेला दोर बांधून, चालायला शिकला. पोट भरायचं ते खाडीकाठच्या गावांमध्ये लग्नाची वऱ्हाडं आणि उत्सवाच्या कीर्तनमंडळ्या नेऊन-आणून.

आता उमेश उरणला फायबरच्या बोटी बनवणाऱ्या कारखान्यात होता. त्याने वाचायला घेतलं.

“डिझेल तिघांना सारखंच, ते धरलं नाही. धरलंय ते बोट विकत घेणं, दुरुस्ती, रंग, आणि शेवटी विकली तर काय येईल ते वजा. लोखंडाचा जुना बार्ज घेतला, तर गंज खरवडा, पत्रे बदला, सव्वासात लाख. फायबरची नवी बोट घेतली, तर किंमत तीन साठ, पण पुढे फारसं काही नाही. एकूण पाच चाळीस. आणि आपली ‘चिपळी’ ठेवली, तर साडेआठ लाख.”

“आपली तर विकत घ्यायचीच नाही. मग सगळ्यात महाग कशी?”

“दुरुस्ती, आई. पंच्याण्णव साली अठरा हजार गेले. शहाण्णवला एकतीस. गेल्या वर्षी बावन्न. बाबांनी तारेला टोचलेल्या पावत्यांवरूनच घेतलंय सगळं. फळ्या भुसभुशीत होतायत. तीन वर्षांची सरासरी काढली आणि वीसने गुणलं, वर महागाई घातली. मी तर कमीच धरलंय.”

तक्ता खोटा नव्हता, तेच वाईट होतं. गेल्या तीन उन्हाळ्यांत दाऊदमामा सोलकर, आमचा जुना होडीवाला सुतार, मान हलवत हलवत फळ्या काढत होता. ह्यांनी माझ्याकडे न बघता दोराला पीळ दिला आणि म्हणाले, “रविवारी शेठ येतोय. मी विसार घेतलाय.”

विसाराचे पैसे घेतले म्हणजे मचवा विकल्यातच जमा, आणि मला हे असं कळलं.

शेठ पुण्याचे. हमरस्त्यावर त्यांचं हॉटेल. रविवारी सकाळी बूट हातात घेऊन ते वर आले आणि देवळात फिरावं तसे हळूहळू फिरले. माणूस वाईट नव्हता.

“ताई, काळजी करू नका. होडी पाण्यात नाही टाकणार मी. बागेत ठेवणार. वर दिव्यांच्या माळा, आत सहा टेबलं. लोक फोटो काढतील. आणि हा कोपरा,” त्यांनी देव्हाऱ्याकडे बोट केलं, मग तेच बोट चटकन खाली घेतलं, “म्हणजे देव तुम्ही नेणारच ना. तिथे आइस्क्रीमचं काउंटर छान बसेल.”

“माझ्या पांडुरंगाला थंडी बाधते,” मी म्हणाले.

शेठ हसले. ह्यांनी हसण्यासारखं तोंड केलं. पुढच्या शनिवारी क्रेन घेऊन येतो, असं सांगून शेठ जेट्टीकडच्या खानावळीत जेवायला गेले.

मी आत जाऊन पेटी उपसायला काढली. निघायचंच आहे तर आवरायला हवं. पेटीच्या तळाशी माझ्या वह्या होत्या. एकोणऐंशी सालापासून ऐकलेलं प्रत्येक कीर्तन मी लिहून ठेवलं होतं. तारीख, गाव, बुवा कोण, पूर्वरंगाला विषय काय घेतला, उत्तररंगाला आख्यान कुठलं, माणसं किती, आणि कुठली चाल रडवून गेली. शाळेच्या रेघी वह्या, एकोणीस. ह्यांचं म्हणणं कायमचं ठरलेलं होतं: “अगो, कीर्तन कानांनी ऐकायचं असतं. तू बोटांनी ऐकतेस.”

उमेश मदतीला आला. त्याने एक वही उघडली आणि मोठ्याने वाचायला लागला. “‘वैशाख शुद्ध एकादशी. पलीकडच्या नृसिंहाच्या उत्सवात नरहरबुवांचं कीर्तन. हुकलं. चिपळी दुरुस्तीला वाळूवर.’ आई, न ऐकलेलं कीर्तनही लिहितेस?”

“न ऐकलेलं जास्त लक्षात राहतं.”

दरवर्षी वैशाखात, पावसाच्या आधी, मचवा वाळूवर ओढून दाऊदमामा त्याच्या फटींत कापूस ठोकायचा, कुजकी फळी बदलायचा. त्याच दिवसांत पलीकडच्या काठावर नृसिंहाचा नऊ दिवसांचा उत्सव. मचवा वाळूवर, म्हणजे मी अलीकडे; जितके दिवस दुरुस्ती, तितकी कीर्तनं हुकणार. टाळांचा आवाज पाण्यावरून यायचा, शब्द येत नसत. तो राग मी वहीवर काढायची.

उमेशने ती वही मांडीवर ठेवली. त्याने दुसरी वही घेतली, मग तिसरी. मग कानामागची पेन्सिल काढली.

“आई, ऐंशी साली किती हुकली?”

“एक.”

“एक्याऐंशी?”

“एकच. ब्याऐंशीला दोन. त्र्याऐंशीला एकही नाही, दाऊदमामाने एका सकाळीत काम उरकलं होतं. वाच ना, लिहिलंय सगळं.”

“आणि पंच्याण्णव?”

“सात.”

“शहाण्णव, सत्त्याण्णव?”

“नऊच्या नऊ. दोन्ही वर्षी. नृसिंह माझ्यावर रुसला, असं लिहिलंय बघ तिथे.”

त्याने तो मोठा कागद परत आणून पसरला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूला एकाखाली एक आकडे लिहिले. एक, एक, दोन, शून्य, एक. असे चौऱ्याण्णवपर्यंत. मग एकदम सात, नऊ, नऊ.

“लाकूड असं नाही म्हातारं होत,” तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. “हळूहळू होतं. हे तर जिन्यावरून पडल्यासारखं झालंय. आई, पंच्याण्णव साली काय झालं? मचवा कुठे आपटला होता?”

“कुठे आपटतोय. उलट त्या वर्षापासून त्याला आराम. तळेकोंडचा रस्ता झाला.”

तळेकोंड हे खाडीच्या अगदी वरच्या टोकाचं गाव, नदी जिथे खाडीला मिळते तिथलं. तिथल्या शंभूच्या देवळात माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत रोज तिसऱ्या प्रहरी कीर्तन. सासऱ्यांच्या काळापासून कीर्तनमंडळीला तिथे ‘चिपळी’ न्यायची. वाटेत कातळाचा एक उंबरा आहे. पौर्णिमेच्या उधाणालाच त्यावरून मचवा पार होतो आणि परतायचं ते अमावास्येच्या उधाणाला. मधले पंधरा दिवस आम्ही तिथेच. रस्ता झाल्यावर बुवा म्हणाले, जीपने पाऊण तासात पोचतो, कशाला तुम्हाला त्रास. सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. जीपमध्ये पहिल्या बाकावर मीच बसायची.

उमेशने पेन्सिल थांबवली. “म्हणजे तीन वर्षं मचवा तळेकोंडला गेला नाही. आणि तीच तीन वर्षं…” मग त्याने परत वही ओढली. “थांब. हा एक आकडा मध्येच आहे. सत्त्याऐंशी साली सात हुकली. तेव्हा तर रस्ता नव्हता.”

मी वही घेतली. सत्त्याऐंशीची, निळ्या पुठ्ठ्याची. माघाच्या पानावर एकच ओळ होती आणि ती वाचताना माझा आवाज मलाच वेगळा वाटला. “‘तळेकोंडला देवळाचा कळस उतरवला आहे. यंदा उत्सव नाही. पंधरा दिवस नांदवण्यातच. करमत नाही.’”

उमेशने सत्त्याऐंशीच्या सातभोवती गोल काढला. मग उठून बाहेर ओरडला, “बाबा, दोर ठेवा. दाऊदमामांकडे जायचंय.”

दाऊदमामा आपल्या दारात उखळीत राळ कुटत बसला होता. सत्तरीचा, एक डोळा अधू, पण हात तरणे. उमेशने कागद दाखवला तो त्याने उलटा धरला, मग बाजूला ठेवला.

“तोंडानं सांग.”

उमेशने सांगितलं. दाऊदमामाने मुसळ खाली ठेवलं.

“भिकू,” तो ह्यांना म्हणाला, “तीन वर्षं तू होडी वर नेली नाहीस?”

“रस्ता झाला ना. कशाला न्यायची?”

“कशाला?” दाऊदमामाने अंगणात पडलेला आमच्याच फळीचा तुकडा उचलला आणि गुडघ्यावर मोडला. आत मधाच्या पोळ्यासारखी भोकं. “हा खाऱ्या पाण्यातला किडा. लाकडात जन्मतो, लाकडात मरतो. बाहेरून सुईच्या टोकाएवढं भोक, आत बोटभर बोगदा. त्याला औषध एकच, गोडं पाणी. आठ-दहा दिवस गोड्या पाण्यात होडी राहिली, की सगळे मेले. माझ्या बापाने तुझ्या बापाला सांगितलेलं हे.”

“आमचे आबा सांगायचे, शंभूच्या पाया पडून आलं की मचव्याला वर्षभर बाधा होत नाही,” हे हळूच म्हणाले.

“मग खोटं काय सांगितलं?”

“आणि तू? तीन वर्षं फळ्या काढतोयस, एकदा तरी विचारायचं होतंस.”

“मला काय ठाऊक तुम्ही जीपमधून देवाला जाता ते? मला वाटलं, लाकूडच थकलं. मी म्हातारा, तेही म्हातारं.” दाऊदमामाने आपला चांगला डोळा माझ्याकडे वळवला. “वहिनी, तुम्हीसुद्धा?”

“मी पहिल्या बाकावर,” मी म्हणाले.

ह्यांचा शब्द मात्र दिला गेला होता. विसार घेतलेला माणूस मागे फिरत नाही, हे त्यांचं ब्रीद. खानावळीत शेठ सोलकढी पीत होते. ह्यांनी टोपी काढून सगळं सांगितलं, किड्यापासून कळसापर्यंत. शेठ म्हणाले, “म्हणजे सौदा मोडताय?”

“मोडत नाही. शिवरात्रीपर्यंत थांबा. पंधरा दिवस मचवा गोड्या पाण्यात ठेवतो. मग दाऊद हातोडीने फळी न् फळी वाजवील, तुमच्यासमोर. मचवा सडलेला निघाला, तर तुमचा, आणि ठरल्याच्या निम्म्या किमतीत. धड निघाला, तर विसार परत, वर तेवढेच माझे.”

“आणि धड आहे की नाही, हे तुमचाच माणूस सांगणार?”

“दाऊद सोलकर लाकडाच्या बाबतीत स्वतःच्या बापासाठीही खोटं सांगायचा नाही. शेठ, तुम्ही कानाने ऐका. सडलेलं लाकूड आणि जिवंत लाकूड, पोरालाही कळतं.”

शेठनी सोलकढीची वाटी खाली ठेवली. “माझा क्रेनवाला पुढच्या आठवड्यात मोकळा नाहीच म्हणतोय,” ते म्हणाले. “चला, शिवरात्र बघू तुमची.”

पौर्णिमेला दुपारच्या उधाणाला आम्ही निघालो. नरहरबुवांना निरोप गेला तेव्हा ते जीप सोडून मचव्यात येऊन बसले, पेटीवाला आणि तबलजीसकट. “तीन वर्षं पाठ दुखतेय माझी त्या जीपने,” म्हणाले. “बोलायचं कुणी? सगळ्यांना वाटत होतं, दुसऱ्याची सोय होतेय.” कातळाच्या उंबऱ्यावरून जाताना ह्यांनी इंजिन बंद केलं आणि बांबूने ढकललं. तळाला कातळ ओझरता घासला, आणि पलीकडे गेलो. मी वाकून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. नारळाच्या पाण्यापेक्षा गोड लागलं.

त्या पंधरा दिवसांत मी चौदा कीर्तनं ऐकली. पण खरं सांगायचं तर पूर्वरंग कानांवरून जायचा. बुवा देहाच्या नश्वरतेवर बोलत असत आणि माझ्या मनात एकोणचाळीस फळ्या. पहिल्याच दिवशी दाऊदमामाने खडूने त्या मोजून ठेवल्या होत्या. उमेशने कारखान्यातून रजा वाढवून घेतली होती. पैज लावल्यासारखा तो रोज सकाळी पाण्यात उतरून एका फळीतल्या भोकात काडी घालून बघायचा. पाचव्या दिवशी काडीला पांढरं, वळवळणारं काहीतरी लागलं. नवव्या दिवशी पांढरं लागलं, पण वळवळत नव्हतं. त्याने ती काडी मला दाखवली. मी देवापुढे साखर ठेवली.

शिवरात्रीच्या आदल्या भरतीला मचवा काठाच्या वाळूवर चढवून ठेवला होता. सकाळी ओहोटीला तो कोरडा उभा राहिला. शेठ वेळेवर आले. उत्सवाला आलेली माणसं काठावर जमली, बुवा अंगावर उपरणं घेऊन उभे राहिले. दाऊदमामाने हातोडी उपरण्याच्या टोकाने पुसली. उपरणं बुवांचं होतं, आणि बुवांनी ते पुढे केलं होतं.

टण.

लाकडाचा तो आवाज मी विसरणार नाही. सुरात लावलेल्या तबल्यासारखा, स्वच्छ. तो एकेक फळी वाजवत नाळेपासून मागे येत होता. टण. टण. सातव्या फळीला भद् झालं. त्याने खडूने फुली मारली. ह्यांनी डोळे मिटले. आठवी, टण. तेरावी, भद्. मग किती वेळ नुसतं टण. काठावरची माणसं मोजायला लागली होती, आधी तोंडातल्या तोंडात, मग मोठ्याने. तबलजी तर मांडीवर ठेका धरून होता. एकोणतिसाव्या आणि तिसाव्या फळीवर आणखी दोन फुल्या पडल्या. शेवटची, एकोणचाळिसावी, देव्हाऱ्याच्या बरोबर खालची. दाऊदमामाने ती दोनदा वाजवली. दुसऱ्यांदा फक्त मजेसाठी.

“चार,” तो म्हणाला. “चार फळ्या बदलायच्या. बाकीचं लाकूड माझ्या नातवाच्या हातोडीला पुरेल.”

काठावर एकच गलका झाला. शेठ पुढे आले, त्यांनी दाऊदमामाच्या हातातून हातोडी घेतली आणि स्वतः एक फळी वाजवून बघितली. मग हातोडी परत दिली. “माझ्या बागेत ही रडली असती,” ते म्हणाले. ह्यांनी विसार आणि वर तेवढेच पैसे पुढे केले. शेठनी विसार मोजून घेतला आणि वरचे पैसे देवळाच्या पेटीत टाकून आले. दुपारच्या कीर्तनाला थांबले, आणि तबकात सगळ्यात मोठी नोटही त्यांचीच होती.

त्या दिवशी बुवांनी कीर्तन रंगवलं ते विचारू नका. शेवटी यजमानांनी घातलेला हार त्यांनी गळ्यातून काढला आणि कुणाला कळायच्या आत देवळाच्या पायऱ्या उतरून ‘चिपळी’च्या नाळेला अडकवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, सत्त्याऐंशी सालचं ते पान तेवढं मला एकदा वाचून दाखवा.” मी वाचलं. माझ्या आयुष्यात मी चारशे माणसांपुढे वाचलेली ती एकच ओळ, आणि तिचा शेवट ‘करमत नाही’ असा.

अमावास्येच्या उधाणाला परतताना उमेशने जुन्या तक्त्यातला लाकडाचा रकाना खोडला आणि नव्याने मांडला. चार फळ्या, वर्षाला कापूस, राळ, रंग, दाऊदमामाची मजुरी. वीस वर्षांचे दोन लाख दहा हजार. फायबरच्या नुसत्या किमतीच्याही खाली. त्याने बेरीज तीनदा केली. फायबरच्या कारखान्यातला माणूस, तोंडावरचं हसू दाबता दबत नव्हतं.

“एक ओळ राहिली,” तो म्हणाला. “‘माघी पौर्णिमा ते शिवरात्र, तळेकोंड.’ ही धरायलाच हवी, हिच्यावर सगळं उभं आहे. खर्च किती लिहू?”

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे सुकाणू धरून उभे होते. एकोणीस वर्षं माझ्या वह्यांना हसलेला माणूस.

“लिही,” ते म्हणाले. “नारळ एक. आणि दोनशे पानी रेघी वही एक.”

तो तक्ता दोन हजार अठराला संपला. त्या माघात उमेशने त्याच कागदाला खाली दुसरा कागद खळीने चिकटवला आणि पुढच्या वीस वर्षांच्या ओळी आखल्या. दाऊदमामा आता नाही. हातोडी त्याच्या नातवाकडे आहे. सुकाणू उमेशकडे. मी ऐंशीच्या घरात आले, कानांना कमी येतं, म्हणून कीर्तनाला बुवांच्या अगदी समोर बसते. यंदाची वही आणली आहे. नारळही.